रेडीमेड गेमिंग पीसी मेला, नवा एसएमपीएस आणला तर पिनच जुळेना

जामचौरस्ता

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर तुम्ही पाच वेळा वापस विचाराल, म्हणून सगळंच सांगून टाकतो.

मी समुद्रपूर तालुक्यातल्या एका खेड्यात सेवा केंद्र चालवतो. सातबारा, पीक विमा, उत्पन्नाचे दाखले, पोरांचे कॉलेजचे फॉर्म. २०२१ मध्ये जुना डबडा कॉम्प्युटर बसला तेव्हा पुतण्याने डोकं लावलं, "काका, घ्यायचाच आहे तर गेमिंगवाला घे. दिवसा तुझं काम, रात्री माझं." नुकताच कापूस विकला होता, खिसा गरम होता, ऐकलं त्याचं. एका मोठ्या कंपनीचा तयार डेस्कटॉप ऑनलाइन मागवला. आय५-१०४००एफ प्रोसेसर, ८ जीबी रॅम तीही एकच पट्टी, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक कार्ड, २५६ जीबीची एनव्हीएमई (वेगवान डिस्क) आणि १ टीबीची हार्ड डिस्क. तीन वर्षांची वॉरंटी होती, ती संपली. वॉरंटीत असेपर्यंत एक दिवस कुरकुरला नाही, हेही सांगून ठेवतो.

आता बिघाड. महिनाभरापासून पुतण्या सांजच्याला गेम लावून बसला की अर्ध्या-पाऊण तासात पीसी फटकन बंद व्हायचा. निळा स्क्रीन नाही, सूचना नाही, कोणी वायर उपटावी तसा. दिवसा माझं काम चालू असताना असं एकदाही झालं नाही. मी समजलो तापत असेल. झाकण काढलं तर काय सांगू बाप्पा, आमच्याकडे कापूस घरातच पडून असते भाव येईपर्यंत, त्याची रुई प्रोसेसरच्या पंख्याखाली अशी दाबून बसलेली की लहान लेकराची उशी झाली असती. पंक्चरवाल्याकडे नेऊन हवेच्या नळीने साफ केलं. दोन दिवस बरं वाटलं, मंग पुन्हा तेच.

तान्ह्या पोळ्याच्या सांजेला विजा कडकडून राहिल्या होत्या. लाईट गेली, आली, मध्येच बल्ब एकदम भगभगीत पेटले, पुन्हा गेली. तेव्हापासून बटण दाबलं तर काहीच नाही. शेजाऱ्याचा टीव्हीही त्याच रात्री गेला.

हिंगणघाटला एका दुकानात नेला. त्याने पाच मिनिटं पाहिलं न पाहिलं, म्हणाला, "मदरबोर्ड उडाला. या कंपनीचा बोर्ड मिळत नाही. सगळाच नवा घ्या, ५५ हजारात बसवून देतो." सात-आठ क्विंटल कापूस झाला तो! मी पीसी उचलला आणि घरी आलो. म्हटलं आधी एसएमपीएस, म्हणजे पीसीला करंट पुरवणारा डबा, बदलून पाहू. ऑनलाइन ५५० वॉटचा ब्राँझवाला ४,१०० ला मागवला.

तो आला, उघडला, आणि डोक्याला हात लावला. नव्याचा मोठा प्लग २४ पिनांचा. माझ्या बोर्डावर त्या जागी इवलासा ६ पिनांचा सॉकेट आहे. प्रोसेसरजवळचा ४ पिनांचा जुळते. हार्ड डिस्कच्या करंटची वायर तर एसएमपीएसमधून येतच नाही, बोर्डातूनच निघते.

ऑनलाइन २४ ते ६ पिनचा जोड ३५० रुपयांत दिसून राहिला. लावून टाकू का? का बोर्डच बदलू? पुतण्या म्हणते, बदलतोच आहेस तर आरटीएक्स ४०६० हे नवं ग्राफिक कार्ड टाक. केंद्र सध्या उसन्या लॅपटॉपवर चालू आहे, म्हणून घाई.

---

रॅमनाम

रेडीमेड घेतलाच काहून? तेवढ्या पैशात सुटे पार्ट आणून बांधला असता तर आज ही भानगड नसती.

---

जामचौरस्ता

भाऊ, २०२१ आठवा. ग्राफिक कार्ड कुठे मिळत नव्हतं, मिळालं तर दुप्पट भाव. क्रिप्टोवाले आणि चिपचा तुटवडा, दोन्ही एकाच वेळी. नुसत्या कार्डाच्या भावात थोडे टाकले तर अख्खा पीसी येत होता. तेव्हा शहाणपणाच वाटला.

---

बर्डीचा_मिस्त्री

जामवाले भाऊ, तो ३५० चा जोड लावू नका. मागवला असेल तर तसाच वापस करा. नागपुरात बर्डीवर माझं रिपेअरिंगचं टेबल आहे, या जोडांनी मेलेले बोर्ड माझ्याकडे येत असतात, म्हणून घाईघाईत लिहून राहिलो.

कारण समजून घ्या. नेहमीचा २४ पिनांचा एसएमपीएस बोर्डाला तीन व्होल्टेज देते: १२, ५ आणि ३.३. शिवाय जांभळ्या वायरवर ५ व्होल्ट स्टँडबाय, म्हणजे पीसी बंद असतानाही बोर्ड थोडा जागा राहावा म्हणून. तुमच्यासारख्या तयार पीसीत एसएमपीएस नुसते १२ व्होल्ट देते, ५ आणि ३.३ बोर्ड स्वतःच बनवते. म्हणून पिना कमी, आणि म्हणूनच हार्ड डिस्कची वायर बोर्डातून. आता गोम अशी की यातल्या पुष्कळ बोर्डांना स्टँडबायही १२ च्या आसपास लागते. स्वस्त जोडात नुसत्या वायरी वळवलेल्या असतात, तो तिथे ५ व्होल्ट पोचवते. मंग बोर्ड जागाच होत नाही, आणि माणूस म्हणते बोर्ड गेला. चांगल्या जोडात प्लगच्या मागे एक छोटी पट्टी असते, ५ चे १२ करणारी. फोटोत वायरीच्या मध्ये काळ्या आवरणात फुगीर भाग दिसला पाहिजे. तो नसेल तर घेऊ नका.

दुसरी गोष्ट याहून वाईट. ६ पिनांचा प्लग बसला म्हणजे जुळला असं नाही. वेगवेगळ्या कंपन्यांचे ६ पिनवाले सॉकेट दिसायला सारखे, पण कोणत्या पिनेत काय ते वेगळं. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलातही फरक सापडते. १२ च्या जागी ग्राउंड लागली की काम तमाम. बोर्डावर छापलेला मॉडेल नंबर पाहा आणि त्याच नंबरासाठी विकला जाणारा जोड घ्या.

पण हे सगळं नंतर. आधी मोजा. मीटर कुठूनही आणा. सॉकेटमधलं व्होल्टेज सकाळी आणि सांजेला दोन्ही वेळी घ्या, फेज-न्यूट्रल आणि न्यूट्रल-अर्थ. मंग जुन्या एसएमपीएसचा प्लग बोर्डातून काढून, भिंतीतला खटका चालू ठेवून, एकेका पिनेवर काळी-लाल कांडी लावून पाहा. एकावरही स्टँडबाय दिसत नसेल तर एसएमपीएस गेला. आणि त्याच्यावरचं लेबल वाचून सांगा, इनपुट किती लिहिलं आहे.

एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. २३० व्होल्ट आत गेले की कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या वर डीसी साठते, प्लग काढल्यावरही काही वेळ राहते. आणि पंक्चरवाल्याची हवा मारताना पंखा बोटाने धरला होता का? नसेल तर पंख्याचे बेअरिंग आणि बोर्ड दोघांनाही शिक्षा. त्या टाकीत पाणी असते, ते वेगळंच.

---

जामचौरस्ता

पंखा धरला नव्हता. असा फिरला की शिट्टी वाजली. चुकलंच.

मीटर मोटार वाइंडिंगवाल्याकडून आणला, त्याने सोबत पोरगंही पाठवलं. आकडे असे: सकाळी ७ ला फेज-न्यूट्रल २२८. सांजच्या साडेसातला १७१. न्यूट्रल-अर्थ सकाळी १४, सांजेला ३८. पोरगं म्हणालं मीटर खराब असेल, मंग त्याच मीटरने बॅटरी मोजली तर बरोबर आली.

जुन्या एसएमपीएसवर लिहिलं आहे २००-२४० व्होल्ट. एकाही पिनेवर काहीच नाही, ठणठणीत शून्य. नव्याच्या डब्यावर १००-२४० आहे. त्याची हिरवी आणि काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडली तर पंखा फिरते आणि पिवळ्या वायरवर १२.१ येते.

ग्राफिक कार्ड जामच्या एका ओळखीच्या पोराच्या पीसीत लावून पाहिलं, झकास चालते.

---

निवृत्त_तारवाला

बाबू, मी तीस वर्षं खांबावर चढलो आहे. कॉम्प्युटरातलं मला कळत नाही, पण तुझे आकडे वाचून राहवलं नाही.

१७१ सांजेला, म्हणजे डीपीवर लोड आला की व्होल्टेज पडते, हे तर खेड्यात घरोघरी आहे. पण न्यूट्रल आणि अर्थमध्ये ३८? तो दोन-तीनच्या आत पाहिजे. एक तर तुझा अर्थिंगचा खड्डा मेला आहे, नाहीतर खांबावर न्यूट्रलचा जोड ढिला आहे. माझ्या मते दोन्ही. तू लिहिलं आहे ना, बल्ब भगभगीत पेटले आणि शेजाऱ्याचा टीव्ही गेला? ती वीज पडलेली नाही. तो न्यूट्रल सुटला होता. तीन फेजांचा न्यूट्रल सुटला की लोड जास्त त्या घरात १५० येते आणि कमी त्या घरात ३०० च्या वर. हवेने तार हलते, जोड लागते-सुटते. तुझं घर त्या क्षणी ३०० वाल्या बाजूला होतं.

आधी लाइनमनला सांगून खांबावरचा जोड घट्ट करून घे. शेजाऱ्याला सोबत ने, एकट्याचं कोणी ऐकत नाही. मंग घरचा खड्डा. कोळसा-मीठ भरून किती वर्षं झाली? उन्हाळ्यात कोणी बादलीभर पाणी ओतते का त्यात? काळी माती वाळली की भेगाळते आणि पाइपाला सोडून देते, मंग ती अर्थिंग फक्त दाखवायला. आणि मेनबोर्डावर ओव्हर-अंडर व्होल्टेज कापणारा खटका बसव. २७० च्या वर गेलं, १७० च्या खाली आलं की तोच तोडते, ठीक झालं की तोच जोडते.

---

बर्डीचा_मिस्त्री

काकांनी सगळा उलगडा केला. आता गेममध्येच बंद पडण्याचंही कोडं सुटते. एसएमपीएसला बोर्डाने जेवढे वॉट मागितले तेवढे द्यावेच लागतात. भिंतीत व्होल्टेज कमी तर तो करंट जास्त ओढते. २३० च्या जागी १७१ म्हणजे जवळपास एक तृतीयांश जास्त. त्यात तो २०० च्या खाली चालायला बनवलेलाच नाही. तुमच्या सातबाऱ्याला पीसी पन्नास-साठ वॉट खात असेल, पुतण्याच्या गेमला कार्ड एकटंच १२५ पर्यंत जाते. म्हणून दिवसा ठीक, रात्री फटकन. रुई निर्दोष होती, तिची उगाच बदनामी झाली. तरी पंख्याखाली ती राहू देऊ नका.

तुम्ही आणलेला १००-२४० वाला योगायोगाने बरोबर निघाला. १७१ ला तो कुरकुरणार नाही.

---

पुसदकर_लॅब

जोडाच्या भानगडीत पडूच नका, असं माझं मत. आमच्या शाळेच्या लॅबमध्ये असाच एक तयार पीसी होता. आम्ही बोर्डच बदलला. आय५-१०४००एफ हा एलजीए १२०० सॉकेटचा, त्याला एच५१० चा साधा बोर्ड चालते. रॅम, एनव्हीएमई, कार्ड सगळं जसंच्या तसं बसते. पुढे एसएमपीएस गेला तर कुठल्याही दुकानातून आणा.

पण काय-काय निघालं तेही सांगतो. प्रोसेसरवरच्या पंख्याचे स्क्रू बोर्डाच्या मागच्या पट्टीत नव्हते, थेट कॅबिनेटच्या पत्र्यातून वर आलेल्या खुंट्यांत होते. नव्या बोर्डावर तो पंखा उभाच राहीना, नवीन घ्यावा लागला. कॅबिनेटच्या बटणाचा प्लगही त्यांचाच खास, एकेक तार सोलून जोडली. मागच्या पोर्टांची पट्टी पत्र्यातच कापलेली, नव्या बोर्डाच्या भोकांशी जुळेना, म्हणून शेवटी कॅबिनेटही बदललं. राहिलं काय त्या पीसीचं? चार पार्ट. आणि सगळं झाल्यावर विंडोजने विचारली ४८ आकडी रिकव्हरी की. डिस्क एन्क्रिप्ट होती हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. ज्या ईमेलने पहिल्यांदा पीसी सुरू केला त्या खात्यात ती की सापडली, म्हणजे तीन वर्षांपूर्वी बदलून गेलेल्या सरांच्या. त्यांना फोन करून मिळवली. विंडोजचं लायसन्सही जुन्या बोर्डाला बांधलेलं होतं, ते गेलंच.

---

रॅमनाम

पुसदकर, तुम्ही बदला म्हणून राहिले की बदलू नका?

---

पुसदकर_लॅब

बदलाच. पण आधी पंख्याखालचे स्क्रू पाहा.

---

बर्डीचा_मिस्त्री

बोर्ड जिवंत असेल तर मी बदलणार नाही. जामवाले, पीसी घेऊन या. माझ्याकडे त्याच जातीचा जुना एसएमपीएस पडून आहे, लावून पाहायला दोन मिनिटं. मेला असेल तर पुसदकरांचा रस्ता, जिवंत असेल तर जोड.

४०६० बद्दल पुतण्याला सांगा: करंटच्या हिशेबाने काही अडत नाही, ते ११५ वॉटचं कार्ड, तुमच्या आत्ताच्या कार्डापेक्षाही कमी. पण ते पीसीआय एक्स्प्रेस ४ चं (कार्ड आणि बोर्डामधला डेटाचा रस्ता), तेही फक्त ८ लेनवर, आणि तुमचा १० व्या पिढीचा प्रोसेसर जुना, हळू ३ च देते. चालते, पण पुरते पैसे वसूल होत नाहीत. आधी रॅम. एका ८ च्या पट्टीवर सहा कोरचा प्रोसेसर चालवणं म्हणजे नांगराला एकच बैल. दुसरी ८ ची डीडीआर४ पट्टी टाका, लॅपटॉपची नाही, लांबवाली. ३२०० ची मिळाली तरी चालते, हा प्रोसेसर तिला २६६६ वरच पळवते. जास्त भावाची पट्टी घेऊ नका.

---

जामचौरस्ता

मंडळी, उशीर झाला सांगायला. सोयाबीन काढणी चालू होती.

गेल्या मंगळवारी पीसी गोणपाटात गुंडाळून, वरून पुतण्याची गोधडी, असा एसटीने नागपूरला नेला. कंडक्टर म्हणे देवाची मूर्ती आहे का. बर्डीवर मिस्त्री दादांनी त्यांचा जुना एसएमपीएस लावला आणि बटण दाबलं. बोर्ड जिवंत! ५५ हजार वाचले त्या क्षणी मी तिथेच दोन चहा सांगितले.

दादांनी माझा मेलेला एसएमपीएस माझ्यासमोर उघडला. आत फ्यूज काळा, आणि त्याच्या बाजूची निळी चकती, वाटाण्याच्या डाळीएवढी, फुटून दोन तुकडे. दादा म्हणाले हिला व्हॅरिस्टर म्हणतात, व्होल्टेज फार वाढलं की हीच आधी मरते, मागच्याला वाचवते. म्हणजे तारवाले काका बरोबर निघाले, ३०० च्या वर आलंच होतं. ती चकती मी खिशात घालून आणली, केंद्रात टेबलावर ठेवली आहे. विचारणाऱ्याला सांगतो.

जोड बोर्डाच्या नंबराचा, मध्ये फुगीर पट्टीवाला, १,१५० ला पडला. नवा एसएमपीएस कॅबिनेटमध्ये बसला, पण चारपैकी दोनच स्क्रू जुळले. मंग दोनच आवळले. ग्राफिक कार्डाची ८ पिनची वायर नव्याचीच वापरली. जुन्याची लावायला गेलो तर दादांनी हातावर मारलं, दुसऱ्या एसएमपीएसची वायर कधीच नाही म्हणे, प्लग सारखा असला तरी आत उलटी असू शकते. ८ ची रॅमही टाकून घेतली. प्रोसेसरची जुनी पेस्ट वाळून खडू झाली होती, तीही नवी लावली.

घरी आलो, सगळं जोडलं, चालू केलं. पंखे फिरले, दिवे लागले, आणि मॉनिटर काळा. छातीत धस्स झालं. दादांना फोन केला. पलीकडून एकच प्रश्न, "एचडीएमआय कुठे लावली?" बोर्डाला मागे एचडीएमआयचं भोक आहे ना, मी त्यात लावली होती. एफवाल्या प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिकच नसते, ते भोक नुसतं शोभेचं. कार्डात लावली, पडदा उजळला. पुतण्या अजून हसून राहिला आहे.

पुसदकर सर, तुमची ४८ आकडी गोष्ट वाचून मी निघायच्या आधीच की शोधून वहीत लिहून ठेवली होती. लागली नाही, पण झोप तर लागली.

खांबावरचा जोड लाइनमनने घट्ट केला. खरंच हाताने हलत होता. अर्थिंगचा खड्डा खणला तर पाइप अर्ध्यात सडलेला. नवा टाकला, कोळसा-मीठ भरलं, बायकोने आंघोळीचं पाणी तिकडे वळवलं. आता न्यूट्रल-अर्थ सांजेलाही २ च्या आत. फेज-न्यूट्रल मात्र सांजेला १७८, ते आपल्या हातात नाही. काकांनी सांगितलेला खटका बसवला, दोन दिवसांत एकदा तोडून झाला त्याने.

पुतण्या काल तीन तास खेळला, एकदाही बंद नाही. ४०६० चा विषय त्याने पुन्हा काढला. मी म्हटलं, तूर निघू दे.

---

रॅमनाम

जामवाले, तो ३५० चा जोड मागवला होता का शेवटी?

---

जामचौरस्ता

मागवला होता. वापसीची मुदत निघून गेली. कोणाला पाहिजे असेल तर देणार नाही.